पॅसेंजरमधली हजामत

खेळ आणि माझं कधी जमलं नाही. लहानपणी लंगडीतसुद्धा मला कुणी आपल्या बाजूला घेत नसे. पुढे शिक्षिका झाले, तेव्हा खेळाच्या तासाला मी खुशाल वह्या तपासत बसे. मलकापूरला दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास क्रीडामहोत्सव भरायचा आणि त्याचा शेवटचा दिवस मला मुळीच आवडत नसे. कारण एकच. त्या दिवशीची सकाळची पॅसेंजर.

तेव्हा मी शेगावला राहत होते आणि मलकापूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. सकाळी भुसावळकडची पॅसेंजर धरायची, दिवसभर पोरींशी डोकं लावायचं आणि संध्याकाळी उलटं यायचं, असा माझा रोजचा रगाडा. आम्हा रोजच्या माणसांना सगळे अप-डाऊनवाले म्हणत. आमच्या जागा ठरलेल्या, भांडणंसुद्धा ठरलेली. तपकीर ओढणारे पोस्टातले एक बाबू आमचे बिनपगारी पुढारी होते. गाडीत कुणाचं पोर रडलं तरी ते का रडतंय याची चौकशी बाबूच करणार.

त्या वर्षी महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी बायकांच्या डब्यात पाय ठेवला, तर आत दहा-बारा दांडगे पोट्टे ढोल-लेझीम घेऊन बसलेले. "हा बायकांचा डबा आहे," मी म्हटलं. त्यांतला एक हसून म्हणाला, "आज समद्यांचाच हाय, बाई. या, बसा." मी त्याला चांगलं सुनावलं, पण ढोलापुढे माझा आवाज तो किती! शेवटी बाबू ज्या डब्यात बसायचे त्यात घुसले. त्यांनी छत्री आडवी टाकून माझ्यासाठी खिडकीपाशी वीतभर जागा धरली होती.

डबा खच्चून भरला होता. वरच्या फळ्यांवर माणसं, दोन बाकांच्या मध्ये माणसं, दारात लोंबकळणारी माणसं वेगळीच. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या हातात कोंबडी. कोंबडीवाल्याचा महोत्सवाशी काही संबंध नव्हता. तो बिचारा बाजाराला निघाला होता आणि मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

जलंबला कबड्डीचा संघ चढला. जवळच्याच एका खेड्यातली पोरं, यंदा पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलेली. त्यांना सोडायला गाव लोटलं होतं. हार, नारळ, ताशा, सगळं काही. सामना व्हायचाच होता, पण गावानं अगोदरच जिंकून घेतला होता. त्या पोरांत एकाच्या गळ्यात सगळ्यांत जास्त हार होते. चढाई करणारा तो. मानेपर्यंत दाट केस, भरघोस मिशी, अंगानं आटोपशीर. त्याच्यामागून त्याचा बाप चढला. धोतर, फेटा आणि मुलासारखीच मिशी, फक्त पांढरी. बाबूंनी म्हाताऱ्याला माझ्यासमोर जागा करून दिली.

गाडी सुटली आणि लोकांनी त्या पोराला खाऊ घालायला सुरुवात केली. आमच्याकडे कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्याला खायला घालायचं. दुसरी तऱ्हा आम्हाला ठाऊकच नाही. एकानं तिळाचा लाडू पुढे केला, एकानं पेढा, एका बाईनं फडक्यातली भाकरी सोडून वर ठेचा ठेवला. पोरगा सगळ्यांना हात जोडून नको नको म्हणत होता. लाडूवाला रागावला.

"काऊन बे, आमच्या हातचं चालत नाई का तुले?"

"तसं नाई, काका."

"मंग कसं? अजून फायनल व्हायची हाय आन एवढी मस्ती?"

पोरगा खाली मान घालून बसला. तेव्हा त्यांचा कॅप्टन पुढे झाला आणि त्यानं खरी गोष्ट सांगितली. सामने वजनी गटाचे होते. ठरलेल्या वजनाच्या वर गेलेल्या खेळाडूला मैदानात घेत नसत, आणि मलकापूरला उतरल्या उतरल्या सगळ्यांची वजनं होणार होती. बाकीची पोरं काडीसारखी, त्यांची चिंता नव्हती. याची होती. परवाचा सामना जिंकून आला म्हणून काल आईनं पुरणपोळ्या केल्या. आईनं वाढलेल्याला याला नाही म्हणवलं नाही. आज सकाळी जलंबच्या पार्सल ऑफिसातल्या काट्यावर उभं केलं, तर पावशेर जास्त.

"आन याच्यावाचून आमचा संघ म्हंजे नुसता उभा राहाले," कॅप्टन म्हणाला.

गोष्ट एवढीच नव्हती. अकोल्याच्या एका गिरणीचा माणूस आज सामना पाहायला येणार होता. त्या गिरणीचा स्वतःचा संघ होता आणि त्यांना चढाईला माणूस हवा होता. आज हा चांगला खेळला तर त्याला गिरणीत घेणार, असं त्या माणसानं परवा स्वतः सांगितलं होतं. पोरगा खामगावला जिनिंगमध्ये कामाला जायचा, पण ते कपाशीच्या हंगामापुरतं. हंगाम संपला की मिळेल ते. मैदानात उतरलाच नाही, तर गिरणीचा माणूस पाहणार काय?

हे ऐकलं मात्र, सगळा डबा बदलला. ज्या लाडूवाल्यानं मघाशी त्याचा उद्धार केला होता, त्यानंच लाडू परत पुडीत बांधले आणि जाहीर केलं की कुणी याच्यासमोर तोंड हलवायचं नाही. भाकरीवाल्या बाईनं घाईघाईनं फडकं बांधलं. बाबूंनी डब्याचा ताबा घेतला. "खिडक्या लावा!" झाल्या बंद. कुणीतरी घोंगडी दिली, ती पोराच्या अंगावर गुंडाळली. मग बाबू म्हणाले, "बैठका मारा लागतीन. सरका, जागा करा."

जागा कुठून करणार? जिथे पाय ठेवायला ठिकाण नव्हतं तिथे बैठका! पण माणसं सरकली. एकमेकांच्या मांडीवर बसली, वरच्या फळीवरच्यांनी खालची दोन पोरं उचलून घेतली, कोंबडी माझ्या पिशवीजवळ आली. मीसुद्धा पाय वर घेऊन बसले. दोन बाकांच्या मध्ये एका माणसाइतकी जागा झाली आणि घोंगडी पांघरून तो पोरगा बैठका मारू लागला. गाडी हेलकावली की चारही बाजूंनी हात त्याला सावरायचे. सगळा डबा मोजत होता आणि मोजणं चुकत होतं. मला ते ऐकवेना. शेवटी मीच मोठ्यानं मोजायला लागले. खेळासाठी मी आयुष्यात केलेलं तेवढं एकच काम.

त्याचा बाप मात्र मोजत नव्हता. पोराच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या तेव्हा त्यानं आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्याकडे फेकलं, बस्स.

नांदुऱ्याला गाडी मेलच्या क्रॉसिंगसाठी थांबायची. थांबली तशी चार-पाच जण पोराला उचलूनच पार्सल ऑफिसकडे पळाले. परत आले तेव्हा त्यांचे चेहरे उतरलेले होते. अजून थोडं जास्त भरत होतं. "कितीक?" बाबूंनी विचारलं. "दोन पेढ्यांएवढं," कॅप्टन म्हणाला. त्याला रडू येत होतं. पोराच्या अंगात आता गाळायला घामही उरला नव्हता. ओठ सुकले होते आणि तो बाकाला धरून उभा होता.

आणि मग कुणाच्या तरी तोंडून निघालं, "केस काढले तं?"

सगळ्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस होते खरे भरपूर. केसांचं वजन ते असं किती भरणार, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण माझं कोण ऐकतं! डब्यात न्हावी होताच. जत्रेत नाहीतर महोत्सवात चार डोकी मिळतात म्हणून तो धोपटी घेऊन निघाला होता. लोकांनी त्याला हातोहात पुढे आणला. कॅप्टन म्हणाला, "समदंच काढा. मिशी बी."

न्हाव्यानं धोपटी सोडली, वस्तरा काढला आणि मग थांबला. त्यानं पोराला विचारलं, "बाप हाय का तुहा?"

"हाय."

"मंग त्याले इचारल्याबिगर म्या वस्तरा लावत नाई."

आमच्याकडे बाप जिवंत असताना कुणी डोकं आणि मिशी उतरवत नाही. ते फक्त बाप गेल्यावर. लहान पोराला माहीत असलेली ही गोष्ट वजनाच्या नादात कुणाच्या लक्षातच आली नव्हती. सगळे माझ्या समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहू लागले.

"म्या जिता हाय अजून," म्हातारा म्हणाला. "माह्या डोयापुढं माह्या पोराचं डोस्कं भादरता? रीत हाय का काही?"

बाबू त्याच्यापुढे वाकले. "बाबा, अकोल्याचा माणूस आज येऊन राह्यला. असा मोका परत येत नाई."

"नोकरीसाठी बाप मारता काय?"

बाबूंनी तपकिरीची डबी काढली आणि न उघडता परत खिशात घातली. मला म्हाताऱ्याचा राग आला होता, हे मी लपवत नाही. पोराचं आयुष्य एकीकडे आणि चार केस एकीकडे, हे गणित मला सरळ दिसत होतं. पण त्या माणसाला आपलं मरण समोर बसवून पाहायला सांगत होतो आम्ही, हेही दिसत होतंच.

पोरगा म्हणाला, "राहू द्या. माह्या बापाच्या मनात नाई तं नाई. पुढच्या साली पाहू." आणि त्यानं ओला सदरा अंगात घालायला घेतला. घामानं तो बाहीत हात घालू शकत नव्हता. दोनदा चुकला. बाप ते पाहत होता.

मग म्हातारा उठला. "मले दाराशी जाऊ द्या," म्हणाला. लोकांनी वाट केली. तो दारापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून, बाहेर तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मले इथून काई दिसत नाई. तुमचं तुमी पाहा."

न्हाव्याचं तेवढ्यानं समाधान होईना. "एक डाव हाव म्हना, बाबा."

"आयकू बी येत नाई मले," म्हातारा म्हणाला.

न्हाव्यानं वस्तरा चालवला. कुणाच्या तरी तांब्यातलं गार पाणी, हलायला लागलेली गाडी आणि घाई. तीन-चार ठिकाणी कापलंच. काळेभोर केस बाकाखाली पडत होते आणि मघापर्यंत ओरडणारा डबा देवळात बसल्यासारखा बसला होता. मिशी उतरली तेव्हा तो पोरगा एकदम लहान दिसायला लागला. म्हाताऱ्यानं मलकापूर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

तो वजनात बसला. मैदानावर अडतीच्या दुकानातला मोठा काटा आणला होता, त्यावर पंचांनी मान डोलावली आणि पोरांनी आरोळी ठोकली. घामामुळे बसला, केसांमुळे बसला की पंचांच्या दयेमुळे, ते मला सांगता येणार नाही.

मी एरवी सामना पाहायला थांबले नसते, पण आमच्या शाळेच्या मुलींची लेझीम त्याच मैदानावर होती आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं काम हेडबाईंनी माझ्या गळ्यात मारलं होतं. म्हणून पाहिला. कबड्डीतलं मला कळत नाही. त्याचं बोडकं डोकं तेवढं दुरूनही ओळखू यायचं. ते पलीकडे जायचं, गर्दीत बुडायचं आणि दर वेळी परत यायचं. शेवटच्या चढाईत तो रेषेवर हात टेकून पडला आणि मैदान उठलं. त्याच्या गावचा संघ जिंकला होता. बाप लांब बाभळीखाली बसला होता. तोही उठला, दोन पावलं पुढे आला आणि परत जाऊन बसला. थोड्या वेळानं गिरणीचा माणूस पोराच्या खांद्यावर हात ठेवून बोलताना दिसला.

परतीच्या गाडीत तीच माणसं, तीच चेंगराचेंगरी, वर गुलाल. सगळे लाल होते. एकटा तोच कोरा होता, कारण वस्तऱ्याच्या जखमांवर गुलाल झोंबत होता. त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि तो दाराशी आपल्या सोबत्यांत उभा होता. म्हातारा सकाळच्याच जागी माझ्यासमोर बसला होता. दिवसभरात बापलेक एक शब्द बोलले नव्हते. नांदुरा गेल्यावर म्हातारा एकदम मला म्हणाला, "बाई, तुमी शिकेल हा. पक्की नोकरी म्हंजे पावसायात बी असते?"

"बाराही महिने असते, बाबा," मी म्हटलं.

तो बराच वेळ मान हलवत राहिला.

जलंबला गाडी शिरली तेव्हा दिवस मावळत होता. मलकापूरहून कुणीतरी स्टेशनमास्तरांना फोनवर जिंकल्याचं कळवलं होतं. फलाटावर गाव उभं होतं, ताशा कडकडत होता, बायका आरत्या घेऊन आल्या होत्या. गाडी थांबली आणि संघ खाली उड्या टाकून उतरला. पण आमच्याकडे उतरणाऱ्याला उतरू द्यायचं असतं, हे चढणाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही. शेगावकडे जाणारी माणसं गाठोड्यांसकट दारात घुसली आणि म्हातारा आतच अडकला. तो उठून उभा होता, पण पुढे सरकायला जागाच नव्हती.

मी खिडकीतून पाहत होते. पोराची आई आरतीचं ताट घेऊन पुढे आली. पोरानं वाकण्याआधी डोक्यावरचा टॉवेल काढला.

तिनं ते डोकं पाहिलं. मिशी नसलेला ओठ पाहिला. सगळे गुलालात न्हालेले आणि हाच एक कोरा, हेही पाहिलं असणार. मग तिनं त्याच्या मागे पाहिलं. मागे नवरा नव्हता. सकाळी बाप मेला तर पोरगा दुपारी कबड्डी कशी खेळेल, एवढा हिशेब करायला ती काही माझ्यासारखी गणिताची बाई नव्हती. ताट तिच्या हातातून पडलं. ती फलाटावर खाली बसली आणि तिनं डावा हात जमिनीवर आपटला. हिरव्या बांगड्या फुटल्या. तिच्या मागच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी गळा काढला.

ताशेवाले लांब होते, ते वाजवतच राहिले. पोराला काहीच उमगलं नाही. आई आनंदानं रडते आहे असं समजून तो हसत तिच्या पाठीवर हात फिरवत होता. ती उजवा हात उचलत होती.

"अवं, म्या हाय! म्या हाय इथी!" म्हातारा माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर ओरडत होता. मीही ओरडले, बाबूही ओरडले. त्या कडकडाटात कुणाला ऐकू जाणार? बाबूंनी क्षणभरच पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या कमरेला हात घातला. त्या काळच्या आमच्या डब्यांच्या खिडक्यांना गज नव्हते. लाडूवाल्यानं पाय धरले, मी फेटा सांभाळला आणि आम्ही त्या माणसाला, धोतर-बितर सावरत, पाय पुढे करून खिडकीतून फलाटावर सोडला.

तो धडपडत उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती वर पाहतच राहिली. डावं मनगट उघडं, त्यावर रक्ताचे दोन-तीन ओरखडे, उजव्या हातात बांगड्या तशाच. आता कुठे ताशा थांबला. आता कुठे पोरालाही समजलं, आणि तो दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकायला लागला.

म्हाताऱ्यानं त्याचे हात धरून खाली केले. नांदुऱ्यापासून त्यानं ज्या डोक्याकडे पाहिलं नव्हतं, त्यावर आपला पंजा ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पोराले नोकरी लागली. पावसायात बी हाय."

ती उठली आणि साऱ्या गावादेखत त्या उघड्या हातानं तिनं नवऱ्याच्या छातीवर मारलं. एकदा नाही, तीन-चारदा. "आधी तुमी उतराले नाई पायजे होतं?" असं काहीतरी ती ओरडत होती. तो पोराच्या डोक्यावरचा हात न काढता उभा राहून मार खात होता. गाडी हलली तेव्हा मी हमसून रडत होते, आणि त्याचा फेटा माझ्याच हातात राहिला होता.